पेशीतलं परफोरिन फ्लो सायटोमेट्रीने कसं मोजायचं: क्लोनच्या निवडीपासून अहवालापर्यंत

एनके (नॅचरल किलर) पेशी आणि सीडी८ ही खूण असलेल्या टी पेशी, या प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी, विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशीला मारतात, त्यात परफोरिनचं काम दार उघडण्याचं. हे प्रथिन मारक पेशीच्या आत छोट्या ग्रॅन्यूलमध्ये साठवलेलं असतं. लक्ष्य पेशीला चिकटल्यावर ग्रॅन्यूल रिकामे होतात, बाहेरच्या कॅल्शियमच्या मदतीने परफोरिनचे रेणू लक्ष्य पेशीच्या पटलात घुसून एकमेकांना जोडले जातात आणि सुमारे १३ ते २० नॅनोमीटर रुंदीचं वर्तुळाकार छिद्र तयार होतं. त्यातून ग्रॅन्झाइम नावाची मारक एन्झाइम आत शिरतात आणि पेशी मरते. ग्रॅन्यूलच्या आत आम्लता जास्त असते, म्हणून तिथे परफोरिन निपचित पडून राहतं. ही आम्लतेची गोष्ट पुढे अँटिबॉडी निवडताना लागणार आहे.

फ्लो सायटोमेट्रीत पेशींना चमकत्या रंगांचे अँटिबॉडी लावून एकेका पेशीची चमक लेझरने मोजतात. परफोरिनची ही तपासणी दोन कारणांसाठी केली जाते. एक, संशोधन: लस, संसर्ग किंवा सेल थेरपीनंतर टी पेशींची मारक क्षमता किती तयार झाली हे पाहायला. दुसरं, निदान. लहान मुलाला न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा, घसरलेल्या रक्तपेशी आणि प्रचंड वाढलेलं फेरिटिन असेल, तर एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिंफोहिस्टिओसायटोसिस), म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम भडकण्याच्या आजाराची शंका येते. परफोरिन बनवणाऱ्या पीआरएफ१ या जनुकात दोष असेल तर या आजाराचा दुसरा आनुवंशिक प्रकार होतो. हा संबंध १९९९ मध्ये उघड झाला. आपल्याकडे डेंग्यू, स्क्रब टायफस, काला आजार यांमुळेही एचएलएच होतो. त्यामुळे मूळ दोष आनुवंशिक आहे की संसर्गाने भडका उडाला आहे, हे लवकर कळणं गरजेचं असतं. एकात औषधांनंतर बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो, दुसऱ्यात बहुतेकदा नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत प्राथमिक प्रतिकारदोषांच्या निदानासाठी फ्लो सायटोमेट्रीचं काम बरीच वर्षं चालू आहे. पण खाली लिहिलेल्यातला गाभा तीन-चार रंगांचं साधं मशीन असलेल्या प्रयोगशाळेतही करता येतो.

आधी क्लोन, मग रंग

कॅटलॉग उघडला की नजर आधी फ्लुरोक्रोमवर, म्हणजे अँटिबॉडीला जोडलेल्या चमकत्या रंगावर जाते. परफोरिनच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. मानवी परफोरिनसाठी मुख्यतः दोन क्लोन (एकाच पेशीवंशातून बनलेले, एकच जागा ओळखणारे अँटिबॉडी) वापरात आहेत आणि ते एकच गोष्ट दाखवत नाहीत.

पहिला डेल्टा जी९. हा उंदराचा आयजीजी२बी या उपप्रकाराचा अँटिबॉडी आहे. तो परफोरिनचा आम्लधर्मी ग्रॅन्यूलमध्ये साठवलेला, विशिष्ट घडणीतला प्रकार ओळखतो. दुसरा बी-डी४८, हा आयजीजी१. साठवलेल्या परफोरिनबरोबरच पेशीने नुकतंच बनवलेलं, अजून ग्रॅन्यूलमध्ये न पोचलेलं परफोरिनही तो पकडतो. गोदामातला शिल्लक माल आणि कारखान्यातून नुकता निघालेला माल यांत जो फरक, तोच इथे.

व्यवहारात याचा परिणाम मोठा आहे. समजा, तुम्ही सीडी८ पेशींना पेप्टाइड देऊन पाच-सहा तास उत्तेजित केलं आणि मग डेल्टा जी९ ने रंगवलं. ज्या पेशींनी खरोखर काम केलं, त्यांनी ग्रॅन्यूल बाहेर टाकले, म्हणजे त्यांच्यातलाच संकेत घटला. तुमच्या आलेखात सगळ्यात कर्तबगार पेशी परफोरिन नसलेल्या दिसतील. नवं परफोरिन बनतंय का हे विचारायचं असेल, तर बी-डी४८ लागतो. उलट, उत्तेजित न केलेल्या रक्तात एनके पेशींकडे परफोरिन आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर डेल्टा जी९ उत्तम. एचएलएचच्या तपासणीत त्याचा वापर सर्वांत रुळलेला आहे, आणि निरोगी माणसाच्या एनके पेशींत त्याचा संकेत स्वच्छ वेगळा उठून दिसतो.

प्रबंधात किंवा अहवालात नुसतं ‘परफोरिन अँटिबॉडी’ लिहिणं म्हणूनच अपुरं आहे. क्लोनचं नाव नसेल तर वाचणाऱ्याला आकड्यांचा अर्थच लावता येत नाही.

आता रंग. ज्या प्रथिनाचं प्रमाण कमी-जास्त असू शकतं त्याला उजळ रंग द्यायचा, हा जुना नियम इथेही लागू. पीई किंवा अलेक्सा फ्लुओर ६४७ ही माझी पसंती. एफआयटीसी स्वस्त आहे आणि चालतोही, पण त्याच्या हिरव्या पट्ट्यात पेशींची स्वतःची चमक जास्त असते, आणि फिक्स केलेल्या (रसायनाने आहे तशा पक्क्या केलेल्या) पेशींत ती आणखी वाढते. जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या वाहक पालकांसारखा मधला संकेत शोधायचा असेल तर एफआयटीसी तिथे तोकडा पडतो. पीई-साय७ सारखे टँडेम (दोन रंग जोडून बनवलेले) रंग फिक्सिंगने आणि उजेडाने तुटतात. ते परफोरिनला न देता भरपूर संख्येने असणाऱ्या सीडी३ वगैरे पृष्ठभागावरच्या खुणांना द्या. पेशी झिरपत्या करायला (अँटिबॉडी आत जावा म्हणून भोकं पाडायला) मिथेनॉल वापरणार असाल तर आधी लावलेले पीई आणि एपीसी विसरा, मिथेनॉलमध्ये ते टिकत नाहीत. एकाच मिश्रणात दोन किंवा अधिक ब्रिलियंट व्हायोलेट रंग असतील तर त्यांच्यासाठीचं खास बफर घाला, नाहीतर ते एकमेकांना चिकटून खोटे संकेत देतात.

रक्त गोळा करताना

हेपरिन किंवा ईडीटीए, दोन्ही चालतात. त्याच नमुन्यातून पुढे ग्रॅन्यूल बाहेर टाकण्याची तपासणीही करायची असेल तर हेपरिनच घ्या, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. रक्त साधारण २० ते २५ अंश तापमानाला ठेवा आणि शक्यतो २४ तासांत वापरा. फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवू नका. मे महिन्यात नागपूर-जळगावहून नमुना पाठवायचा असेल तर थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक थंड करून ठेवा, पण गोठवू नका, आणि तो नळीला थेट टेकू देऊ नका.

नमुन्याबरोबर त्याच वेळी, त्याच प्रकारच्या नळीत, एका निरोगी माणसाचं रक्त पाठवायला सांगा. प्रवासात जे रुग्णाच्या रक्ताचं होईल तेच त्याचंही होईल. हा सोबती नमुना नसेल तर कमी आलेला आकडा आजाराचा की कुरियरचा, हे सांगता येत नाही. रुग्णालयांना हे पटवायला थोडा वेळ लागतो, पण इथे तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे.

टायट्रेशन: कंटाळवाणं, पण टाळू नका

बाटलीवर दिलेलं प्रमाण कंपनीच्या बफरमध्ये, कंपनीच्या पेशींवर ठरवलेलं असतं. तुमच्या बफरमध्ये ते वेगळं असू शकतं. पेशीच्या आत रंगवताना जास्त अँटिबॉडी म्हणजे जास्त चिकटपणा. पृष्ठभागावरचा जादा अँटिबॉडी धुऊन निघतो, आतला सहज निघत नाही.

निरोगी रक्तातल्या एकाच बॅचच्या पेशी घ्या. सुचवलेल्या प्रमाणाच्या दुप्पटीपासून सुरुवात करून दर वेळी निम्मं करत सहा-सात नळ्या लावा. प्रत्येक नळीत एनके पेशींच्या चमकेचा मध्यक आणि बी पेशींच्या चमकेचा मध्यक मोजा. बी पेशींत परफोरिन नसतं, म्हणून त्या आपल्या नैसर्गिक निगेटिव्ह. दोन्ही मध्यकांच्या फरकाला निगेटिव्हच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागलं की स्टेन इंडेक्स मिळतो. तो जिथे सर्वांत जास्त, ते तुमचं प्रमाण. नवा लॉट आला की किमान तीन नळ्यांची छोटी फेरी पुन्हा करा.

प्रत्यक्ष कृती

खालचं प्रमाण एका नळीसाठी, म्हणजे सुमारे दहा लाख पेशींसाठी आहे.

१. फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रावण, घनता १.०७७) रक्ताचा थर अलगद सोडून ४०० जी वर ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद ठेवून फिरवा. मधला धूसर थर उचला आणि पीबीएसने (मिठाचं बफर द्रावण) दोनदा धुवा. फायकॉल नसेल किंवा रक्त थोडंच असेल, जे लहान बाळांत नेहमीचंच, तर १०० मायक्रोलिटर संपूर्ण रक्त थेट वापरता येतं. अशा वेळी पृष्ठभाग रंगवल्यानंतर अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडा. बाजारातल्या काही लायसिंग द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं. तसं असेल तर पेशी तिथेच फिक्स होऊ लागतात, हे लक्षात घेऊन पुढची वेळ ठरवा.

२. मृत पेशी ओळखणारा, फिक्सिंगनंतर टिकणारा रंग लावा. तो प्रथिनांना चिकटतो, म्हणून या पायरीत सीरम नसलेलं साधं पीबीएसच हवं. १५ ते २० मिनिटं, अंधारात. ७-एएडी किंवा प्रोपिडियम आयोडाइड इथे कामाचे नाहीत. पुढे सगळ्याच पेशींना आपण भोकं पाडणार आहोत. त्यानंतर २ टक्के सीरम घातलेल्या पीबीएसने धुवा.

३. एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीची शेपटी पकडणाऱ्या जागा) ब्लॉक, १० मिनिटं. एनके पेशी आणि मोनोसाइट यांच्यावर एफसी रिसेप्टर भरपूर असतात, आणि आपला सगळा रस नेमका एनके पेशींतच आहे. ही पायरी वगळून वाचलेली दहा मिनिटं नंतर आलेखासमोर डोकं खाजवण्यात जातात.

४. पृष्ठभागाच्या खुणा: सीडी३, सीडी५६, सीडी८, बी पेशींसाठी सीडी१९, आणि जागा असेल तर सीडी१६. एकूण १०० मायक्रोलिटरमध्ये, ४ अंशांवर, अंधारात २० ते ३० मिनिटं. मग ३०० ते ४०० जी वर ५ मिनिटं फिरवून धुवा. या खुणा फिक्सिंगच्या आधीच लावायच्या, कारण फिक्स केल्यावर काही अँटिबॉडींना आपली जागा ओळखू येत नाही.

५. फिक्सिंग: ताजं किंवा बंद अँप्यूलमधलं, मिथेनॉल नसलेलं पॅराफॉर्मल्डिहाइड, २ ते ४ टक्के, २० मिनिटं. त्याआधी पेशींचा गोळा हलकेच झटकून सुटा करून घ्या. गोळा तसाच फिक्स झाला तर गुठळ्या कायमच्या. पॅराफॉर्मल्डिहाइड विषारी आहे, हे काम फ्यूम हूडमध्ये आणि हातमोजे घालून. डेल्टा जी९ प्रथिनाची घडण ओळखतो, त्यामुळे ‘अजून थोडा वेळ ठेवू’ हा मोह आवरा. जास्त फिक्सिंगने संकेत मंदावतो. वेळ ठरवा आणि प्रत्येक नमुन्याला तीच पाळा.

६. पेशी झिरपत्या करणं: ०.१ टक्के सॅपोनिन, त्यात २ टक्के सीरम. सॅपोनिनने पडलेली भोकं कायम राहत नाहीत. सॅपोनिन काढलं की ती मिटतात. म्हणून इथून पुढे अँटिबॉडीचं मिश्रण आणि त्यानंतरचे वॉश सगळे सॅपोनिनच्या बफरमध्येच. पहिला वॉश सॅपोनिनचा आणि अँटिबॉडी मात्र साध्या पीबीएसमध्ये, ही गफलत नवख्यांकडून वारंवार होते, आणि मग निरोगी माणसाच्याही एनके पेशी कोऱ्या दिसतात. तयार किट वापरत असाल तर त्यातलं फिक्सिंग आणि झिरपवण्याचं द्रावण जोडीनेच वापरा. दोन कंपन्यांच्या बाटल्यांची सरमिसळ करू नका.

७. परफोरिनचा अँटिबॉडी, टायट्रेशनने ठरलेल्या प्रमाणात, १०० मायक्रोलिटर सॅपोनिन बफरमध्ये ३० मिनिटं, अंधारात.

८. सॅपोनिन बफरने दोन वॉश. फिक्स केलेल्या पेशी नीट खाली बसत नाहीत, म्हणून आता वेग ५०० ते ६०० जी पर्यंत वाढवा. नळी जोरात उलटी झटकू नका, पिपेटने ओढून घ्या. शेवटी साध्या बफरमध्ये पेशी घेऊन मशीनवर. त्याच दिवशी वाचणं उत्तम. अगदीच नाइलाज असेल तर ४ अंशांवर, अंधारात ठेवून दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा सोबती नमुनाही तसाच ठेवलेला हवा.

कंट्रोल

इथे थोडं रेंगाळावंच लागेल. परफोरिन नाही असं म्हणणं म्हणजे एका बाळाच्या आईवडिलांना प्रत्यारोपणाबद्दल बोलायला बोलावणं. तेवढा भार पेलणारे कंट्रोल हवेत.

प्रत्येक रंगाची एकेरी नळी कॉम्पेन्सेशनसाठी, म्हणजे एका रंगाची दुसऱ्याच्या पट्ट्यातली गळती वजा करण्यासाठी. बीड्सवर केलंत तर तेही फिक्सिंगमधून जाऊ द्या, विशेषतः टँडेम रंग असतील तेव्हा. मग परफोरिन सोडून बाकी सगळे रंग असलेली नळी, जिला एफएमओ म्हणतात. इतर रंगांची गळती परफोरिनच्या पट्ट्यात किती येते ते तिच्यातून कळतं. पण अँटिबॉडीचा स्वतःचा चिकटपणा त्यात दिसत नाही. त्यासाठी काही प्रयोगशाळा आयसोटाइप कंट्रोल (त्याच उपप्रकाराचा, पण परफोरिन न ओळखणारा अँटिबॉडी) लावतात: डेल्टा जी९ ला आयजीजी२बी, बी-डी४८ ला आयजीजी१, रंग आणि मात्रा तीच. दोन्ही क्लोनना एकच आयसोटाइप वापरलेला दिसला तर तो प्रयोग बाजूला ठेवा.

मला मात्र सर्वांत भरवशाचा वाटतो तो नळीतलाच कंट्रोल. त्याच नमुन्यातल्या बी पेशी निगेटिव्ह असायला हव्यात. सोबती नमुन्यातल्या एनके पेशी ठळक पॉझिटिव्ह हव्यात. या दोन गोष्टी जमल्या नसतील तर रुग्णाच्या आकड्याकडे पाहूच नका, प्रयोग पुन्हा लावा.

गेटिंग आणि वाचन

गेटिंग म्हणजे आलेखावर हवा तो पेशीगट आखून वेगळा काढणं. आधी वेळेच्या अक्षावर प्रवाह अखंड होता का ते बघा. मग जोड-पेशी काढून टाका, लिंफोसाइट घ्या, मृत पेशी वगळा. फिक्स केल्यावर पेशींचा आकार आणि दाणेदारपणा थोडा बदलतो, म्हणून जिवंत पेशींसाठी काढलेलं जुनं गेट तसंच चिकटवू नका. त्यानंतर सीडी३ नसलेल्या आणि सीडी५६ असलेल्या पेशी, म्हणजे एनके. सीडी३ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या वेगळ्या.

निर्णय एनके पेशींवरून घ्यायचा. सीडी८ पेशींतलं परफोरिन वयावर आणि आयुष्यात झालेल्या संसर्गांवर अवलंबून असतं. सायटोमेगॅलो विषाणू होऊन गेलेल्या प्रौढात ते भरपूर दिसेल, तर निरोगी तान्ह्या बाळात जवळजवळ नसेल. बाळाच्या सीडी८ पेशी कोऱ्या आहेत म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. एनके पेशी कोऱ्या असल्या तर आहे. एनके पेशींतही दोन गट असतात. रक्तातल्या बहुसंख्य, सीडी५६ मंद असलेल्या पेशींत परफोरिन ठासून भरलेलं असतं, आणि थोड्याशा, सीडी५६ ठळक असलेल्या पेशींत ते कमी असतं. आजारपणात या दोन गटांचं प्रमाण बदललं तर सरासरी खाली येऊ शकते, म्हणून मंद गट वेगळा काढून पाहावा.

एचएलएचमध्ये बऱ्याचदा एनके पेशींची संख्याच घटलेली असते. गेटमध्ये चाळीस-पन्नास ठिपके घेऊन टक्केवारी काढू नका. काही शे एनके पेशी मिळेपर्यंत नळी चालू ठेवा, आणि नाहीच मिळाल्या तर तसं अहवालात लिहा.

टक्केवारी आणि मध्यक तीव्रता, दोन्ही नोंदवा. पीआरएफ१ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बहुतेक रुग्णांत एनके पेशींचा आलेख बी पेशींवर येऊन बसतो. एक प्रत बिघडलेल्या आई किंवा वडिलांत बऱ्याचदा टक्केवारी बरोबर असते, पण पूर्ण डोंगर डावीकडे सरकलेला असतो. फक्त टक्केवारी पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा मूल, आई, वडील आणि सोबती, चौघांचे नमुने एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर चालवा आणि आलेख एकमेकांवर ठेवून बघा. मध्यकाचा नुसता आकडा वेगवेगळ्या दिवशींच्या किंवा वेगवेगळ्या मशीनच्या आकड्याशी ताडता येत नाही. सोबती नमुन्याशी असलेलं गुणोत्तर ताडता येतं.

परफोरिन बरोबर आलं म्हणजे आनुवंशिक एचएलएच नाही, असं होत नाही. यूएनसी१३डी, एसटीएक्स११, एसटीएक्सबीपी२ या जनुकांच्या दोषांत परफोरिन व्यवस्थित बनतं, साठतं, फक्त ग्रॅन्यूल बाहेर पडत नाहीत. तिथे सीडी१०७ए ची, म्हणजे ग्रॅन्यूल बाहेर पडल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर येणाऱ्या खुणेची तपासणी लागते. २०१७ मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या गटाने दाखवलं की, परफोरिन आणि सीडी१०७ए या दोन तपासण्यांची जोडी एनके पेशींच्या मारक क्षमतेच्या जुन्या चाचणीपेक्षा चाळणी म्हणून सरस आहे. शिवाय काही उत्परिवर्तनांत प्रथिन असतं, पण काम करत नाही; अँटिबॉडीला ते ओळखू येतं आणि आपली फसगत होते. संशय दाट असेल तर पीआरएफ१ चं सिक्वेन्सिंग मागवा. जनुक लहान आहे, प्रथिनाचा संदेश दोनच एक्सॉनमध्ये मावतो. प्रत्यारोपण झालेल्या मुलात तुम्ही मोजता ते परफोरिन दात्याच्या पेशींचं असू शकतं, तेव्हा अर्जावरचा इतिहास आधी वाचा.

संकेत बिघडला तर कुठे शोधायचं

सगळ्याच नमुन्यांत संकेत नाही: सॅपोनिन विसरलं, किंवा फिक्सिंग लांबलं. सगळ्यांतच आहे, बी पेशींतही: अँटिबॉडी जास्त झाला, ब्लॉक राहिला, किंवा मृत पेशी गेटमध्ये आल्या. पीई-साय७ लावलेल्या पेशी अचानक पीईमध्ये चमकायला लागल्या तर टँडेम तुटला आहे. बाटली उजेडात राहिली होती का विचारा. आणि उत्तेजित नमुन्यात कमी, उत्तेजित न केलेल्यात जास्त, असं असेल तर बहुधा प्रयोग बरोबरच आहे. क्लोन कोणता होता ते पाहा.

उंदरांवर काम करणाऱ्यांसाठी

डेल्टा जी९ उंदराच्या परफोरिनवर चालत नाही. त्यासाठी ओमॅक-डी किंवा एस१६००९ए हे क्लोन घ्या. पण अँटिबॉडी बरोबर असूनही स्वच्छ प्राणिगृहातल्या उंदराच्या विश्रांतीतल्या एनके पेशींत फारसं काही दिसणार नाही. त्यांच्यात परफोरिनचा आरएनए भरपूर असतो, प्रथिन मात्र अगदी कमी. ते उत्तेजन मिळाल्यावर बनतं. तेव्हा प्लीहेतल्या पेशी आयएल-२ किंवा आयएल-१५ या पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनांमध्ये एक-दोन दिवस वाढवून त्यांना पॉझिटिव्ह कंट्रोल करा, आणि निगेटिव्हसाठी परफोरिनचं जनुक काढलेला उंदीर मिळाला तर त्याची प्लीहा मागून घ्या. असे उंदीर १९९४ पासून उपलब्ध आहेत, आणि अँटिबॉडी खरा की नुसता चिकट, याचा निकाल त्यांच्या एका नळीत लागतो.